खुलासाताईचा शेवटचा खुलासा

आमच्या वकिलांच्या खोलीत प्रत्येकाला टोपणनाव आहे, आणि ते ज्याचं त्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे असा सगळ्यांचा समज आहे. मला ‘तोफ’ म्हणतात. मला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं. तोंडावर टोपणनावाने हाक मारावी अशी आमच्यात एकच बाई होती, ती म्हणजे खुलासाताई.

हे नाव तिला आमच्या स्पर्धेमुळे पडलं. आमची महिला वकिलांची समिती (मी तिची सेक्रेटरी) दरवर्षी कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी अभिरूप न्यायालयाची स्पर्धा घेते. विषय ठरलेला, स्त्रियांचे हक्क. एक काल्पनिक खटला लिहायचा, तो कॉलेजांना पाठवायचा, मुलांनी दोन्ही बाजूंची तयारी करायची आणि आयत्या वेळी चिठ्ठी निघेल त्या बाजूने भांडायचं. माणसं खोटी, कायदा खरा. खटला वाचून मुलांना शंका येतात, त्या त्यांनी लेखी विचारायच्या आणि खटला लिहिणाऱ्याने लेखी उत्तरं द्यायची. त्या उत्तरांना आम्ही खुलासे म्हणतो. खुलाशांचा नियम सोपा आहे: जे खुलाशात आलं ते घडलं, दोन्ही बाजूंना मान्य, त्यावर वाद नाही. जे आलं नाही ते घडलंच नाही. वर्षानुवर्षं खटला ताईच लिहायची आणि खुलासेही तीच द्यायची. मुलांना मात्र तिचं नाव कधी सांगायचं नाही, आणि स्पर्धेच्या दिवशी तिने मागे गप्प बसायचं, हासुद्धा नियमच.

एरवी ताई काही गाजलेली वकील नव्हती. भाडेकरार, वारसाचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, फार तर संमतीचा एखादा घटस्फोट. कोर्टात तिचा आवाज इतका खाली असायचा की न्यायाधीश म्हणायचे, “जरा मोठ्याने, बाई,” आणि ती आणखीच हळू बोलायची. हसू आलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची, नुसते खांदे हलायचे. डबा उघडला की आधी दुसऱ्यापुढे धरायची. खटला हरलेले अशीलही तिच्यावर चिडायचे नाहीत. मी जिंकूनसुद्धा शिव्या खाते, म्हणून मला याचं फार नवल वाटायचं.

तिचे यजमान म्हणजे आमचे भाऊजी. वेळेआधी निवृत्ती घेतलेले, मूलबाळ नाही, त्यामुळे हाताशी वेळच वेळ. सकाळी सोडायला यायचे, संध्याकाळी न्यायला. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर मंद हसू. ताई फाटकाशी आली की हात पुढे करायचे आणि तिची बॅग स्वतःच्या खांद्याला लावायचे. आम्ही बायका बघून पाघळायचो. माझा नवरा कधी मला न्यायला आला तर मी आधी कोण गेलं म्हणून विचारीन. “दृष्ट लागेल हो,” असं मी ताईला म्हणायचे. ती ओठ मिटायची, पण खांदे हलायचे नाहीत. हे मला आज आठवतंय, तेव्हा दिसलं नव्हतं.

यंदाचा खटला तिने समितीपुढे वाचला तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंचं तोंड उतरलं. खटल्यात एक नवरा आणि एक बायको. नवऱ्याने बायकोवर कधी हात उगारलेला नाही. आवाज चढवलेला नाही. घराच्या दाराला बाहेरून कडी नाही. बायको शिकलेली आहे, नोकरी करते. नवरा तिला नेतो, आणतो. तो नेहमी सोबत असतो. बायको न्यायालयात आली आहे. बस, एवढंच.

“नेहमी सोबत असतो?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आमचे तर लग्नाच्या फोटोतसुद्धा भलतीकडे बघतायत. अगं, यात तक्रार कुठाय?”

“ती मुलांनी शोधायची,” ताई म्हणाली.

“आणि मागणी? अर्जदार बाईला हवंय काय, ते लिहिलंच नाहीस तू.”

खरंच नव्हतं लिहिलं. शेवटी ‘सबब अर्जदाराची विनंती की’ एवढे शब्द होते आणि पुढे कोरं. मागणीशिवाय अर्ज म्हणजे नवख्या वकिलाचं काम. असा अर्ज खिडकीवरचा कारकूनसुद्धा परत करतो. दुसऱ्यांच्या मागण्या लिहिण्यात तिची हयात गेली होती. मी म्हटलं, “ताई, वय झालं बरं का तुझं.”

“राहू दे तसंच,” ती म्हणाली. “ज्याने त्याने आपापली भरावी.”

त्या दिवशी समितीच्या चहाबरोबरची बिस्किटं सादळलेली होती आणि मी त्यावरून बराच तोफखाना सोडला. संध्याकाळी फाटकाशी भाऊजींनी माझ्या हातात बिस्किटांचा नवा पुडा ठेवला. “सादळलेलं खाऊ नये, सेक्रेटरीबाई. पोट बिघडतं.” मग ताईची बॅग खांद्याला लावत म्हणाले, “यंदाचा खटला छान झालाय. मी वाचलाय. नवऱ्याची बाजू भक्कम आहे.”

मला वाटलं, ताईने फोन करून बिस्किटांचं सांगितलं असेल. नवरा-बायकोत इतकं बोलणं व्हावं याचा मला हेवाच वाटला. पुढच्या आठवड्यात आम्ही अंतिम फेरी वरच्या सभागृहाऐवजी खालच्या हॉलमध्ये घ्यायची ठरवलं, आणि संध्याकाळी ते म्हणाले, “खालचा हॉलच बरा. पंखे चांगले आहेत.” बैठक संपल्यापासून फाटकापर्यंत ताई माझ्याशेजारून चालत आली होती. तिने फोनला हातसुद्धा लावला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं, पण मी ते झटकून टाकलं. इतकी कामं डोक्यावर असताना माणूस भलतं काय काय झटकून टाकतं.

मग मुलांचे प्रश्न यायला लागले. ते गोळा करून ताईला द्यायचे आणि तिची उत्तरं सगळ्या संघांना पाठवायची, हे काम माझं. दुपारी खोली जरा रिकामी झाली की ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून उत्तरं लिहायची. एरवी तिची उत्तरं ठरलेली असत: ‘नोंदीवर नाही’, ‘प्रश्न कक्षेबाहेर’. यंदा मी कागद हातात घेतला आणि उभ्याउभ्याच वाचत राहिले.

पत्नीला माहेरी जाता येते का? — होय. पती सोबत येतो.

पत्नीला मैत्रिणी आहेत का? — आहेत. त्यांना पती फार आवडतो.

घरातील खोल्यांना आतून कड्या आहेत का? — होत्या. भोके बुजवून वरून रंग दिला आहे.

पत्नी झोपेत बोलते का? कुठल्या तरी मुलाने हे मस्करीतच विचारलं असणार. तिने लिहिलं होतं: पूर्वी बोलायची.

पत्नी एकटी अशी शेवटची कधी होती? — अर्जदारास स्मरत नाही.

“ताई,” मी म्हटलं, “काल्पनिक बाईला कसं काय स्मरत नाही गं? आपण म्हणजे ‘नोंदीवर नाही’ असं...”

“तसंच जाऊ दे,” ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग शेजारच्या खुर्चीवरल्या आपल्या पर्सकडे. माझ्या अंगावर उगीचच काटा आला. भर दुपार होती, बाहेर पुकारे चालले होते, पट्टेवाला कुणाच्या तरी नावाने ओरडत होता.

स्पर्धेच्या ढाली घ्यायला मी तिच्या घरी गेले, ती गोष्ट यानंतरची. ढाली तिच्याकडे ठेवलेल्या असायच्या, कारण समितीच्या कपाटाचं दार लागत नाही. घर लख्ख होतं. चपला एका रेषेत, पडदे बाजूला सारलेले, कुठलंही दार मिटलेलं नाही. भाऊजींनी स्वतः चहा केला. ताई खुर्चीत बसली होती आणि तो तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. (इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही. माझ्याने होत नाही.) मी तिला काही विचारलं की उत्तर तो द्यायचा, आणि उत्तर बरोबर असायचं, अगदी तिच्या शब्दांत.

ढालींची धूळ हाताला लागली म्हणून मी न्हाणीघरात गेले. दार लोटलं आणि सवयीने कडीला हात घातला. कडी नव्हती. बोटांना नुसतं गुळगुळीत लाकूड लागलं. वाकून पाहिलं तर जिथे कडी असते तिथे बारीक गोल ठिपके दिसले. भोकं बुजवलेली, वरून रंग दिलेला. काम सुरेख होतं, नीट पाहिल्याशिवाय कळणार नाही असं.

मी नळ सोडायलाही विसरले. आणि दाराच्या पलीकडून, अगदी माझ्या कानाच्या उंचीवरून, त्याचा आवाज आला. मऊ, आपुलकीचा.

“टॉवेल उजवीकडे आहे, सेक्रेटरीबाई.”

त्या दिवशी मी ढाली घेऊन कशी निघाले ते मलाच माहीत. वाटेत स्वतःशीच भांडत होते: अगं, जुनी कडी मोडली असेल, काढली असेल. पाहुण्याला टॉवेल सांगितला तर त्यात काय बिघडलं? मी वकील आहे. दोन्ही बाजूंनी बोलायची मला सवय आहे. पण त्या दिवशी एक बाजू गप्पच होती.

उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी कळलं. ताईचा पुकारा झाला. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. आपली पर्स तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवली. इतक्या वर्षांत ती पर्स तिने क्षणभर कुणाकडे दिली नव्हती. “बघशील ना जरा?” ती म्हणाली. ‘सांभाळशील’ नाही म्हणाली, ‘बघशील’ म्हणाली. आणि गेली.

खोलीत मी एकटीच होते. कागद चाळत होते. तेवढ्यात कुणीतरी कपात चमचा ढवळला.

मी वर पाहिलं. कुणी नव्हतं. चहाचे कप केव्हाच गेले होते. पुन्हा तो आवाज आला, टिंग टिंग, आणि चमचा बशीत ठेवल्याचा. मग घड्याळाची टिकटिक ऐकू आली. आमच्या खोलीतलं घड्याळ तर बंद पडलेलं आहे, ते दुरुस्त करायचा ठराव झालाय. आणि मग एक पुरुष हळूच खाकरला. पर्सच्या आत.

मी पर्स उघडली. फोन पालथा होता. उलटा केला, तर कॉल चालू. नुकताच लावलेला नाही. सकाळी फाटकाशी ती त्याच्यापासून वेगळी झाली तेव्हापासूनचा. पडद्यावर लिहिलं होतं ‘हे’. बायका नवऱ्याचा नंबर ठेवतात तसं, ‘हे’.

मी तोंडातून ब्रसुद्धा काढला नव्हता. तरीही आवाज आला. “पर्स मिटा, सेक्रेटरीबाई. तिच्या वस्तूंना हात लावलेला तिला आवडत नाही.”

मी पर्स मिटली. मी, तोफ. मिटली आणि हात मांडीखाली घालून बसले. माझी सादळलेली बिस्किटं, माझ्या चहाड्या, नवऱ्यावरचे विनोद, अशिलांची गुपितं, सगळं त्या घड्याळाच्या खोलीत बसून कुणीतरी रोज ऐकत होतं, चहा ढवळत. आणि ताई कोर्टात हळू का बोलायची, हसू का मिटून घ्यायची, हे मला एका झटक्यात कळलं. लिहायची मात्र भरभर. कागदावर पेन चालतं त्याचा आवाज फोनवर जात नाही.

ती परत आली. आधी पर्सकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. “चहा झाला का गं?” तिने नेहमीच्या आवाजात विचारलं.

“झाला,” मी नेहमीच्या आवाजात म्हटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नाक ओढायची सोय नव्हती, ऐकू गेलं असतं.

“मुलांचे प्रश्न आणखी आलेत का? असतील तर दे.”

मी कोरा कागद ओढला. अस्तित्वातच नसलेल्या एका संघाचा क्रमांक वर टाकला आणि प्रश्न लिहिला: अर्जदाराने हे कोणाला सांगितले आहे का? खाली दुसरा: अर्जदाराची मागणी काय? कागद तिच्याकडे सरकवला. पहिल्यापुढे तिने लगेच लिहिलं: होय. आत्ताच. दुसऱ्यापाशी पेन टेकवलं आणि तसंच धरून बसली. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग तिने ती रेघ कोरीच ठेवून कागद परत केला.

त्यानंतर स्पर्धेपर्यंतचे दिवस मी कसे काढले! स्त्रियांच्या हक्कांवर भाषणं ठोकणारी मी, मला कलम सुचेना. काय लावणार? मारत नाही, कोंडत नाही, नाही म्हणत नाही. सोबत करतो. सोबतीवर कुठलं कलम लावतात? माझ्या घराची जादा किल्ली मी पाकिटात घालून तिच्या फायलीत ठेवली. तिने ती हळूच परत माझ्या फायलीत ठेवली. बळजबरी तरी कशी करायची? तिने मागितल्याशिवाय तिच्यासाठी काही मागणं म्हणजे वकीलपत्राशिवाय उभं राहणं. ज्याने आयुष्यभर तिची उत्तरं दिली, त्याच्यात आणि माझ्यात मग फरक काय? मला एवढंच हवं होतं की ती रेघ तिने स्वतः भरावी. भरेल की नाही, याची मला खात्री नव्हती.

अंतिम फेरीला खालचा हॉल गच्च भरला. परीक्षक म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते. कोरड्या आवाजाचे, चष्म्यावरून बघणारे. ताई नियमाप्रमाणे शेवटच्या रांगेत, मांडीवर पर्स. मी तिच्याशेजारी. आणि पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, कडक इस्त्रीच्या शर्टात तो. बसण्याआधी त्याने मागे वळून ताईकडे पाहिलं आणि आपला फोन वरच्या खिशात ठेवला. एकाच हॉलमध्ये असूनसुद्धा कॉल चालूच होता.

चिठ्ठीत एका उंच मुलीकडे अर्जदार बाईची बाजू आली आणि एका चष्मेवालीकडे जाबदाराची, म्हणजे नवऱ्याची. उंच मुलगी चांगली बोलली, पण घाबरत. चष्मेवाली मात्र हुशार, पाणीदार. “साहेब, दार उघडं आहे,” ती म्हणाली. “फोन हातात आहे. पगार आहे, पदवी आहे. कोणी मारत नाही, कोणी अडवत नाही. मग अर्जदार बाई गेल्या का नाहीत? कारण त्यांना जायचं नव्हतं. माझ्या अशिलाचा गुन्हा एवढाच, की तो सोबत राहिला.”

तो मान डोलवत होता. हळू, समाधानाने, आपल्याच लेकीचं कौतुक ऐकावं तसा.

मग न्यायाधीशांनी खुलाशांचा कागद पुढे ओढला आणि एकेक वाचायला लागले. कड्यांचा खुलासा त्यांनी वाचला. ‘भोके बुजवून वरून रंग दिला आहे.’ त्याची मान थांबली. झोपेत बोलण्याचा वाचला. हॉलमध्ये कुणी हसलं आणि अर्ध्यावर हसणं सोडून दिलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही, नुसता खिशातल्या फोनवर तळहात ठेवला. खटला त्याने वाचला होता. खुलासे वाचलेले नव्हते.

“हे सगळं ठीक,” न्यायाधीश म्हणाले. “अर्जदारांचे वकील, तुमच्या अशिलाची मागणी काय?”

उंच मुलगी गडबडली. “साहेब, आम्ही संरक्षण, निवासाची सोय...”

“ते तुम्हाला हवंय. अर्जदाराला काय हवंय? कागदावर कुठे आहे?”

“कागदावर... नाहीये, साहेब.” तिने कागद उलटून पाहिला. “तिला कुणी विचारलंच नाही बहुतेक.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “समितीला विचारतो. मागणीशिवायचा अर्ज मी कामावर असतो तर हाकलून दिला असता. खटला ज्यांनी लिहिला त्यांनी खुलासा करावा. शेवटचा.”

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. नियमाप्रमाणे मी उठून ‘नोंदीवर नाही’ म्हणायचं होतं. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरून ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवायला मला इतके कष्ट पडले.

शेजारी हालचाल झाली. ताईने पर्स उघडली. फोन काढला, आणि अंगठ्याने कॉल बंद केला.

पहिल्या रांगेत, त्याच्या खिशातून, कॉल तुटल्याचा बारीक आवाज आला. टूं टूं टूं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो आवाज मला, तिला आणि त्याला कळला.

ताई उभी राहिली. “खटला मी लिहिलाय, साहेब.”

“जरा मोठ्याने, बाई.”

आणि ती मोठ्याने बोलली. इतक्या वर्षांत मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. जरा चिरका होता, न वापरलेला.

“अर्जदाराला आज घरी जायचं नाही.”

तो उठून मागे वळला, त्याच मंद हसण्यासकट. आजूबाजूच्यांना समजावल्यासारखं म्हणाला, “दमलीये ती. फार काम पडलं यंदा.”

न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते लिहीत होते. “खुलासा नोंदवला. अर्जदार?”

“मान्य,” उंच मुलगी म्हणाली.

“जाबदार?”

चष्मेवाली उभी राहिली. हे मान्य केलं तर तिची बाजू कोसळत होती, ढाल हातची जात होती, आणि तिला ते कळत होतं. पण खुलाशावर वाद नाही. “जाबदारातर्फे,” ती हळूच म्हणाली, “मान्य, साहेब.”

“मी मान्य केलेलं नाही,” तो म्हणाला.

अगदी शांतपणे म्हणाला. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नाही. चष्मेवालीने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि आपण इतका वेळ कुणाची बाजू मांडत होतो ते तिला कळलं. ते तिच्या चेहऱ्यावर मला मागून, एका गालावरूनसुद्धा दिसलं. सगळ्या हॉललाच कळलं असावं, कारण त्याच्या शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं जराजरा सरकली.

“आपण कोण?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मी सोबत आलोय,” तो म्हणाला.

आम्ही निघालो तेव्हा तो फाटकाशी उभा होता. नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच हसऱ्या चेहऱ्याने. ताई जवळ आली तसा त्याने हात पुढे केला, बॅगेसाठी. सवय फार वाईट. ताईचा खांदा आपोआप खाली झुकला, पट्टा घसरला. तेवढ्यात मागून चष्मेवाली धावत आली, हातात खुलाशांचा कागद तसाच. “काका,” ती धापा टाकत म्हणाली, “त्याच्यावर वाद नाही करता येत. खुलासा झालाय.”

ताईने पट्टा पुन्हा खांद्यावर ओढला. आम्ही गाडीत बसलो. गाडी वळेपर्यंत त्याचा हात तसाच पुढे होता.

पुढचं सगळं रीतसर चालू आहे: अर्ज, नोटिसा, तारखा. तो अजून फाटकाशी येतो आणि माझ्याकडे बघून मान झुकवतो. आम्ही आता फोन खोलीबाहेर ठेवतो. त्याबद्दल मी पुन्हा कधीतरी कोर्टातच बोलेन. मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं.

माझ्या घरी पोचल्यावर ताईने हातपाय धुवायला जाते म्हटलं. आत गेली, आणि कडी लावल्याचा आवाज आला. खट्. मग ती काढल्याचा. मग पुन्हा लावल्याचा. मग काहीच नाही. नळही नाही. मी चहा टाकला, तो उकळला, गाळला, गार झाला. नाही नाही ते मनात आलं. मी धावत गेले, दाराला कान लावला आणि म्हटलं, “ताई? बरी आहेस ना गं? काही हवंय का?”

मग आतून ती म्हणाली, “काही नको गं. नुसती बसलेय.”

मी अजून तिथेच होते, दाराला टेकून, कान लावून. आणि मग मला दिसलं, मी कशी उभी आहे ते.

मी तिथून हलले आणि घराबाहेर जाऊन पायरीवर बसले, तिचं होईपर्यंत.